रस्त्याला मोठी हवी, घराला छोटी: बाबागाडीचं गणित आपल्याकडे जुळत का नाही?

घरात बाळ येणार ही बातमी नातेवाईकांच्या आधी मोबाईलला कळते. डिलिव्हरीसाठी हॉस्पिटल सर्च केलं की दोन दिवसांत इन्स्टाचं फीड बदलतं. आधी बेबी शॉवरचे डेकोरेशन, मग डायपर आणि मग हमखास येतात त्या बाबागाड्या. एका हातानं झटक्यात मिटणारी गाडी, गुळगुळीत फूटपाथवरून कॉफीचा कप घेऊन चाललेली आई आणि आत शांत झोपलेलं बाळ. रील संपतं आणि घरात प्रश्न सुरू होतो, मोठी घ्यायची की हलकी?

इथून पुढे बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. पहिल्या बाळाच्या कौतुकात दणकट, फुल साईजची गाडी येते. सहा महिन्यांनी ती बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली उभी असते आणि घरात दुसरी, हलकी गाडी आलेली असते. म्हणजे पैसे दोनदा गेले. आणि दुसरी गाडीसुद्धा सोसायटीच्या गेटबाहेर फारशी जात नाही.

असं का होतं, हे कळायला आधी दोन्ही गाड्यांमधला फरक बघावा लागतो.

फुल साईज गाडीचं वजन साधारण 10 ते 14 किलो. मागची चाकं मोठी, 10 ते 12 इंचांपर्यंत, त्यांना सस्पेन्शन. सीट जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, पूर्ण आडवी होणारी, अनेकदा आईच्या दिशेनं फिरवता येणारी. खाली सामानाची मोठी टोपली. हलक्या गाडीचं वजन 5 ते 8 किलो, चाकं 5-6 इंचांची, सस्पेन्शन नावापुरतं, सीट बहुतेक वेळा एकाच दिशेला. पण मिटवली की ती सोफ्याच्या मागे किंवा कपाटाच्या फटीत बसते. भारतात हलकी गाडी साधारण चार-पाच हजारांपासून मिळते. मोठ्या गाड्या पंधरा हजारांच्या आसपास सुरू होऊन बाहेरच्या ब्रँडच्या असतील तर पन्नास हजारांच्याही पुढे जातात.

हलकी गाडी ही स्वस्तातली तडजोड आहे असा एक समज आहे, पण तिचा जन्म वेगळ्याच गरजेतून झाला. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश एरोनॉटिकल इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलेलं होतं. मुलगी नातवंडाला घेऊन मॉस्कोहून लंडनला आली आणि जड बाबागाडी विमानप्रवासात सांभाळताना तिची दमछाक झाली, असं सांगितलं जातं. विमानाची चाकं पोटात मिटवण्याचं तंत्र माहीत असलेल्या आजोबांनी 1965 मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. वजन तीन किलोच्याही आत. आज दुकानात जिला ‘अंब्रेला स्ट्रोलर’ म्हणतात ती हीच. म्हणजे ही गाडी जन्मापासूनच ढकलण्यापेक्षा उचलण्यासाठी बनली आहे.

आणि आपल्याकडचा खरा घोळ इथंच आहे.

आपल्या रस्त्यांना मोठी गाडी हवी असते. पेव्हर ब्लॉक एक वर, एक खाली. मध्येच गटाराची जाळी. फूटपाथ अर्धा फूट उंच आणि दर वीस पावलांवर कुठल्यातरी बंगल्याच्या गेटसाठी उतरलेला. पाच इंचांचं चाक दीड-दोन इंचांच्या उंचवट्यालाही अडतं, कारण चाक जेवढं लहान तेवढा तोच उंचवटा त्याच्यासाठी भिंतीसारखा होतो. गाडी थबकते, बाळ पुढे झुकतं, पुढचं चाक गर्रकन आडवं फिरतं. दहा-बारा इंचांचं चाक तोच उंचवटा चढून जातं.

पण आपल्या घरांना छोटी गाडी हवी असते. जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांना लिफ्ट नाही. आहे तिथं ती चार माणसांची. वर्षाचं बाळ साधारण नऊ किलोचं धरलं आणि गाडी बारा किलोची, तर जिन्यावरून 21 किलो न्यायचे, तेही दिवसा घरी जी असते तिनं. अनेक घरांत ती बाळाची आजी असते आणि तिच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकलेले असतात. रिक्षात मोठी गाडी मागच्या सीटवर आडवी टाकली की माणसांना जागा उरत नाही. स्विफ्टची डिकी 265 लिटरची, वॅगनआरची 341 लिटरची. त्यात सीएनजीचं सिलिंडर बसवलेलं असेल तर तीही जागा गेली. वन बीएचकेच्या पॅसेजमध्ये उघडी मोठी गाडी ठेवली की बाकीच्यांनी आडवं होऊन चालायचं.

म्हणजे जी गाडी रस्त्यावर चालते ती घरातून निघत नाही आणि जी घरातून निघते ती रस्त्यावर चालत नाही. रील बघून घेतलेला निर्णय फसतो तो या कारणानं. त्या रीलमधला फूटपाथ गाडीसोबत मिळत नाही.

बरं, फूटपाथ चांगले असलेल्या देशांत हा वाद मिटलाय असंही नाही. तिथं तो बसमध्ये पोचला. 2012 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये वेदरबीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये डग पॉली हे व्हीलचेअर वापरणारे प्रवासी चढायला गेले. व्हीलचेअरच्या जागेत एक आई बाबागाडी घेऊन उभी होती, आत बाळ झोपलेलं. ड्रायव्हरनं तिला सरकायला सांगितलं. तिनं सांगितलं, माझी गाडी मिटत नाही. पॉली यांना ती बस सोडावी लागली. प्रकरण पाच वर्षं चाललं आणि 2017 च्या जानेवारीत ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात निकाल लागला. ड्रायव्हरनं नुसती विनंती करून हात झटकायचे नाहीत, कुणी विनाकारण जागा अडवत असेल तर आणखी प्रयत्न करायचे, असं कोर्टानं सांगितलं. मिटणारी आणि न मिटणारी गाडी यातला फरक देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो असा.

अमेरिकेत घोळ वेगळा. तिथली मराठी कुटुंबं बहुतेक कारनं फिरतात, डिकी मोठी, मॉलची दारं आपोआप उघडणारी. त्यामुळे तिथं मोठी गाडी सोयीची पडते आणि न्यू जर्सीच्या मावशीचा सल्लाही तसाच असतो. पण तिथं विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाबागाड्या चीनमध्ये तयार होतात. 2025 च्या एप्रिलमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी चिनी मालावरचं आयातशुल्क 145 टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा बाबागाडी आणि कार सीट अमेरिकी संसदेतल्या चर्चेचा विषय झाल्या. तिथं लोकप्रिय असलेली अप्पाबेबी व्हिस्टा ही मोठी गाडी साधारण 900 डॉलरवरून 1200 डॉलरवर गेली. नंतर शुल्क खाली आलं, पण ‘तिकडून येताना आणा’ हा सल्ला आता पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. आणि ती गाडी इकडे आणून करायचं काय, तर जिन्याखाली ठेवायची.

विमानप्रवासासाठी हलकी गाडी घेणाऱ्यांनी एक हिशोब करून बघावा. ‘केबिन साईज’ म्हणून गाजलेली बेबीझेनची योयो मिटल्यावर 52 बाय 44 बाय 18 सेंटिमीटर होते. तिन्हींची बेरीज 114. भारतातल्या अनेक विमान कंपन्यांची हँडबॅगेची मर्यादा 55 बाय 35 बाय 25, म्हणजे बेरीज 115. बेरजेत गाडी बसते, रुंदीत बसत नाही. काउंटरवरचा माणूस कुठला आकडा बघेल यावर सगळं अवलंबून. ‘केबिन साईज’ हा शब्द तिकीट काढलेल्या कंपनीच्या नियमाशी ताडून मगच त्याचे जास्तीचे पैसे मोजावेत.

पहिले सहा महिने

सोयीचा सगळा हिशोब बाजूला ठेवावा लागतो तो इथं. नवजात बाळाला मान सावरता येत नाही. बसकी सीट असलेल्या गाडीत ठेवलं की डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. म्हणून साध्या हलक्या गाड्यांवर ‘6 महिन्यांपासून पुढे’ असं लिहिलेलं असतं. ते जाहिरातीचं वाक्य समजून सोडून द्यायचं नाही. पहिल्या दिवसापासून वापरायची तर सीट जवळजवळ पूर्ण आडवी होणारी हवी किंवा वेगळा झोपायचा पाळणा लावता येणारी. मोठ्या गाड्यांमध्ये हे सहज मिळतं. काही हलक्या गाड्यांमध्येही मिळतं, पण बघून घ्यावं लागतं. गाडी आडवी होत असली तरी ती घरातल्या झोपेची जागा नाही, हे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते वेगळंच.

व्यवहारात आपल्याकडे पहिले तीन महिने बाळ फारसं घराबाहेर निघतच नाही. माहेरी असतं, मालिश, शेक, दुपट्यात गुंडाळणं चालू असतं. बाहेर पडणं म्हणजे लसीकरण. तेवढ्यासाठी पंचवीस हजारांची गाडी लागते का, हा प्रश्न आजीनं विचारला तर तिला जुन्या वळणाची म्हणून गप्प करण्यात अर्थ नाही.

बाळ कुठल्या उंचीवर श्वास घेतं?

या मुद्द्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. गाड्यांच्या सायलेन्सरमधून निघणारा धूर जमिनीलगत सगळ्यात दाट असतो आणि बाबागाडीतलं बाळ नेमकं त्याच पट्ट्यात बसलेलं असतं. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी शाळेत ने-आण करण्याच्या वेळात हवा मोजली. त्यांचा 2020 मधला निष्कर्ष असा, की गाडीतल्या बाळाच्या वाट्याला पालकांपेक्षा 44 टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण येऊ शकतं. दोन मुलांच्या वर-खाली सीट असलेल्या गाडीत खालच्या बाळाला वरच्यापेक्षा 72 टक्क्यांपर्यंत जास्त. गाडीला कव्हर लावलं तर बारीक कणांचं प्रमाण 39 टक्क्यांपर्यंत कमी झालं.

म्हणजे सीटची उंची ही चैन नाही. या एका मुद्द्यावर मोठी गाडी सरळ पुढे आहे. हलकी असेल तर सिग्नलला सायलेन्सरच्या रेषेपासून मागे, बिल्डिंगच्या बाजूला उभं राहणं हा फुकटातला उपाय.

पण कव्हर लावायचं म्हटलं की आपल्याकडे दुसरा शत्रू उभा राहतो, ऊन. बाळाला ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकणं हे तर सर्रास दिसतं. सिडनी विद्यापीठाच्या 2023 मधल्या अभ्यासात कोरडं मलमलचं कापड टाकल्यावर गाडीच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 2.6 अंशांनी वाढलं, जाड फ्लॅनेल टाकल्यावर 3.7 अंशांनी. तेच मलमल ओलं करून सोबत छोटा पंखा लावला तेव्हा तापमान 4.7 अंशांनी उतरलं. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, हा कूलरच आहे. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चालेल. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ओलं कापड नीट वाळतच नाही, त्यामुळे तिथं त्याच्या भरवशावर राहता येणार नाही. गाडी कोणतीही असो, मागे हवा खेळायला जाळी आहे का आणि छत्र किती पुढे येतं, हे कपहोल्डरपेक्षा आधी बघावं.

‘वाढत्या कुटुंबासाठी’ म्हणजे कोणत्या?

मोठ्या, महागड्या गाड्यांची आजची सगळ्यात जोरदार जाहिरात हीच आहे. आज एक सीट, उद्या दुसरं बाळ आलं की त्याच गाडीला दुसरी सीट जोडा. कल्पना छान आहे, पण ती अशा घरासाठी आहे जिथं दोन मुलांमध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 होता. म्हणजे अनेक घरं एकावरच थांबतात. दुसरं होतं तेव्हा पहिलं तीन-चार वर्षांचं असेल, तर ते गाडीत बसायलाच तयार नसतं, त्याला गाडी ढकलायची असते. अशा वेळी गाडीच्या मागे लावायची उभं राहायची फळी काही हजारांत काम भागवते. जुळी असतील किंवा अंतर खरंच कमी असेल तर मात्र दोन सीटच्या गाडीला पर्याय नाही. शेजारी-शेजारी सीट असलेली गाडी साधारण पाऊण मीटर रुंद असते. ती घेण्याआधी घराचं दार, लिफ्टचं दार आणि सोसायटीच्या छोट्या गेटचं माप टेपनं घ्यावं. आणि वर-खाली सीटवाली घेणार असाल तर सरे विद्यापीठाचा तो 72 चा आकडा लक्षात ठेवावा.

फूटपाथची गोष्ट आता कोर्टात आहे

बाबागाडी निवडायची म्हणजे शेवटी फूटपाथवर बोलावंच लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची ‘आयआरसी 103’ ही मार्गदर्शक सूत्रं आहेत. त्यात निवासी भागातल्या फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा आणि फूटपाथची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं सांगितलंय. कुठलीही एकेरी बाबागाडी यात आरामात बसते. कागदावर.

14 मे 2025 रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठानं सांगितलं, की वापरण्याजोगे आणि अडथळ्यांविना असलेले फूटपाथ हा पादचाऱ्यांचा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क आहे. केंद्र सरकारला मार्गदर्शक सूत्रं दोन महिन्यांत सादर करायला सांगितली आणि फूटपाथ अपंग व्यक्तींना वापरता आले पाहिजेत, हेही बजावलं. हा विषय किती जिवाचा आहे यासाठी एक आकडा पुरे. केंद्र सरकारच्या माहितीनुसार 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत देशभरात 32,825 पादचारी गेले.

याआधी 2023 मध्ये मुंबईत वेगळाच मुद्दा समोर आला होता. फूटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून महापालिकेनं बसवलेले खांब इतके जवळ होते की व्हीलचेअर आतच जाईना. एका व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणाच्या ईमेलवरून मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. जिथं व्हीलचेअर अडते तिथं फुल साईज बाबागाडीही अडते आणि जिथं व्हीलचेअर जाते तिथं दोन्ही गाड्या जातात. इंग्लंडच्या त्या बसमध्ये हे दोन प्रवासी समोरासमोर आले होते, आपल्या फूटपाथवर ते एकाच बाजूला आहेत.

काही ठिकाणी बदल दिसतोही. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर रुंद केलेल्या फूटपाथवर मुलांना खेळायची जागा ठेवली गेली. पुणे महापालिका ‘अर्बन 95’ या उपक्रमातही होती. यातला 95 म्हणजे 95 सेंटिमीटर, तीन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची. त्या उंचीवरून शहर बघायचं आणि मग रस्ते-बागा आखायच्या, अशी ती कल्पना. मुंबईत 2025 च्या ऑक्टोबरमध्ये आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झालेल्या मेट्रो 3 च्या स्टेशनांवर लिफ्ट आणि रुंद गेट आहेत, त्यामुळे गाडी न मिटवता प्लॅटफॉर्मपर्यंत जाता येतं. लोकलच्या बाबतीत असं काही म्हणण्याची सोय नाही. तिथं बाळ कडेवर आणि गाडी मिटलेलीच हवी, तीही गर्दीची वेळ सोडून.

मग घ्यायची कोणती?

लिफ्ट असलेल्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये घर असेल, आत चालायला चांगले रस्ते असतील आणि गाडी रोज संध्याकाळी तिथंच फिरणार असेल, तर मोठी गाडी वसूल होते. रिक्षा, कॅब, जिना, गावी जाणं हेच आयुष्य असेल तर हलकी, पण पाठ पूर्ण आडवी होणारी आणि निदान पुढची चाकं सहा इंचांच्या वरची. गावाकडे, जिथं अंगण आहे आणि रस्ता मातीचा आहे, तिथं हलकी गाडी जवळपास निरुपयोगी. तिथं कडेवर घेणं किंवा छातीशी बांधायचा चांगला कॅरिअर जास्त कामाचा. पहिल्या काही महिन्यांसाठी मोठी गाडी भाड्यानं किंवा ओळखीतून आणायची आणि बाळ बसायला लागल्यावर हलकी विकत घ्यायची, हा मार्ग बहुतेक शहरी घरांना सगळ्यात स्वस्त पडतो. जाहिरातदारांना तो आवडत नाही, एवढंच.

जुनी गाडी घेताना तीन गोष्टी हातानं तपासायच्या. पाचही पट्टे बक्कलमध्ये नीट अडकतात का, उतारावर ब्रेक लावून सोडली तर गाडी जागेवर राहते का आणि मिटण्याचं कुलूप उघड्या स्थितीत घट्ट बसतं का. बिजागरीत फट असेल तर गाडी परत करायची. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये मॅक्लारेनच्याच कंपनीनं अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला होता, कारण उघडताना-मिटताना बिजागरीत मुलांची बोटं सापडत होती. बोटाचं टोक तुटल्याच्या 12 घटनांची नोंद झाली होती. गाड्या जगभर नावाजलेल्या होत्या, वापरणारे घाईत होते आणि मूल शेजारीच उभं होतं. गाडी उघडताना-मिटताना बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर असलेलं बरं.